संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटने लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) होतो का? घरातले म्हणतात, बायकोची गोळी बंद कर. काय करावं?

बंद करू नका. घरातल्यांच्या सांगण्यावरून तर मुळीच नको.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायची. बोटं आखडायला लागली, आमवात, म्हणजे रूमॅटॉइड संधिवात निघाला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड. बरं चाललं होतं. मग आमच्या मामांना कुणीतरी सांगितलं की ही कॅन्सरची गोळी. आहेच, पण किमोचा डोस कुठे आणि ही कुठे! मामांनी गोळी सोडवली आणि बिननावाची पुडी आणून दिली. आई लगेच गड्ड्याची जत्रा फिरून आली, मामा गल्लीभर सांगत सुटले. पुढे तिचं तोंड सुजलं, शुगर चढली. स्टेरॉइड असणार पुडीत, दुसरं काय! पुडी थांबवली तसे सांधे भडकले, आणि मामांच्या धाकाने ती पुन्हा नीट औषध घेईना. वर्षं गेली अशीच.

मग मानेत गाठ आली, न दुखणारी. आपल्याकडे अशी गाठ म्हणजे आधी टीबीच वाटतो. बायोप्सीत लिम्फोमा निघाला. मामा म्हणाले, ‘मी म्हटलं नव्हतं?’

काय म्हटलं होतं? आमवातात लिम्फोमाचा धोका मुळातच इतरांच्या साधारण दुप्पट असतो. २००६ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात तो सगळ्यात जास्त कुणात वाढलेला दिसला, तर ज्यांचे सांधे वर्षानुवर्षं पेटलेले होते त्यांच्यात. मेथोट्रेक्सेटने वाढलेला दिसला नाही. अ‍ॅझाथायोप्रिन या आमवाताच्याच दुसऱ्या औषधाने मात्र दिसला.

आणि गंमत बघा, आईच्या किमोत रिटक्सिमॅब होतं. तेच इंजेक्शन आमवातालाही देतात. गाठ गेली आणि बोटंही सुटली. मामांच्या मते योगायोग.

आता हेही खरं, की एकट्या आईला तो नेमका कशाने झाला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना आलेल्या काही गाठी गोळी थांबवल्यावर जिरतात, पण ते डॉक्टर ठरवतील. टोफासिटिनिब ही आमवाताची दुसरी गोळी सुचवली तर वय, सिगारेट, हृदयविकार सगळं सांगा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्यावर कॅन्सरचा ठळक इशारा टाकायला लावलाय. गाठ, रोजचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, उगाच घटणारं वजन दिसलं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकी ‘घरातले’ म्हणजे कोण ते लिहिलं नाहीत. गोळ्या गिळणारं तर त्यात कुणी नसणार.