टनेल कापायची घाई करू नको

मित्रा, फॉक्स बॉडी मस्टँगमधला (फोर्डची जुनी मस्टँग कार) एओडी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, काढून टी-५, म्हणजे पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, टाकतोयस ना, मग टनेल (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) कापायचा ग्राइंडर आत्ता बाजूला ठेव. ऑटोच्या शिफ्टरसाठी असलेल्या भोकावरून माप घेऊच नको, आधी बॉक्स क्रॉसमेंबरवर (बॉक्सला खालून धरणारा आडवा सपोर्ट) पूर्ण टाइट कर, मग शिफ्टर (गिअरचा दांडा) नेमका कुठे येतो ते बघून मार्किंग कर आणि थोडं थोडंच काप, कारण जास्त कापला गेला की वेल्डिंग आलंच. सीट, कार्पेट बाहेर, बॅटरी डिस्कनेक्ट, हे सांगायला नको. नंतर पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघ, रबर माउंटवर इंजिन-बॉक्स हलतात त्यामुळे शिफ्टरच्या चारी बाजूंनी बोटभर गॅप पाहिजेच. कापलेल्या कडा घासून प्रायमर मार, आणि शिफ्टरभोवतीचं भोक झाकणारा खालचा रबर बूट प्लीज लाव, नाहीतर गरम हवा आणि एक्झॉस्टचा वास थेट केबिनमध्ये येतो.