जागा आधी, पोझ नंतर

प्रिय दोस्त,

एअर शोमध्ये मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानापुढे मॉडेल उभी करून काढलेले तुझे फोटो सावकाश पाहिले. मॉडेल छान आहे, केसांची चाळीसच्या दशकातली गुंडाळी नीट बसली आहे, विमानही लखलखतंय. तरी नजर अडखळते. तिच्या डोक्यातून प्रोपेलरचं पातं उगवल्यासारखं दिसतं, हनुवटीखाली पिवळी छटा आहे आणि मागे फिरत्या शौचालयांची रांग. तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: ती कुठे उभी राहणार हे ठरण्याआधी पोझ ठरली. जुन्या लढाऊ विमानांच्या बाबतीत जागा आधी ठरवायची. जागा चुकली की पुढे लेन्स आणि फ्लॅश कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

जागा मिळवायची तर आधी परवानगी हवी. शोच्या दुपारी दोरीपलीकडून हाक मारून ती मिळत नाही. विमानं आदल्या दिवशी येऊन लागतात, त्या संध्याकाळी क्रू चीफला, म्हणजे देखभाल करणाऱ्यांच्या प्रमुखाला, किंवा मालकाला भेट. नेमकं सांग: माणसं तीन, वेळ वीस मिनिटं, विमानाला स्पर्श कुठे कुठे होणार. ‘थोडे फोटो काढायचेत’ असं मोघम बोललास की समोरच्याला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. दारं उघडण्याआधीचा पहाटेचा तास माग. अमेरिकेतल्या ओशकोशसारख्या मोठ्या विमान-मेळाव्यात विमानं इतकी दाटीनं लावतात की दिवसा गर्दीशिवाय कोन सापडणं कठीण.

आता प्रोपेलर. हा परिच्छेद मॉडेललाही वाचून दाखव. पात्याला लटकायचं नाही, टेकायचं नाही, ‘जरा सरळ दिसावं’ म्हणून फिरवायचं तर मुळीच नाही. पिस्टन इंजिनाच्या ठिणगीची वीज मॅग्नेटो स्वतः तयार करतो, बॅटरी लागत नाही. कॉकपिटमधला स्विच बंद करणं म्हणजे त्या मॅग्नेटोला एका तारेनं विमानाच्या धातूशी जोडून निकामी करणं. ती तार आत कुठे तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असलं तर हातानं दिलेल्या हलक्या हिसक्यानंही इंजिन पेटू शकतं. मस्टँगचं पातं फिरतं त्या वर्तुळाचा व्यास ३.४ मीटर आहे. पात्यांची मांडणी बदलायची असेल तर क्रूला सांग, ते त्यांच्या पद्धतीनं करतील. तुझं काम मॉडेलला वर्तुळाच्या बाहेर, निदान दोन मीटर पुढे आणि बाजूला ठेवण्याचं. त्यानं डोक्यातून उगवलेल्या पात्याचाही प्रश्न सुटतो: डोकं दोन पात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईपर्यंत कॅमेरा एक-दोन पावलं सरकव.

पंखावर चढायचं ते फक्त मुळाशी असलेल्या काळ्या खरखरीत पट्टीवरून, आणि क्रूनं हो म्हटल्यावर. ‘नो स्टेप’ लिहिलेल्या भागावर गुडघाही टेकवू नये. टेक्सन-हार्वर्ड (प्रशिक्षण विमान), डकोटा (मालवाहू), बी-१७ (बॉम्बर) यांच्या सुकाणूसारख्या हलत्या पृष्ठभागांवर कापड ताणून रंगवलेलं असतं. दिसायला ते धातूसारखंच, पण कोपर जोरात टेकलं तर फाटेल. उंच टाचांचे बूट खाली काढून ठेवायचे, अंगठ्या आणि बकलाचा पट्टाही. विमान नुकतंच उतरलं असेल तर एक्झॉस्टच्या नळ्या आणि ब्रेक यांच्यापासून लांब राहा. रेडियल (गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांच्या) इंजिनाखाली तेल ठिबकतं, फिका पोशाख तिथे नकोच. जुन्या जेटच्या कॉकपिटमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, असू शकते. मालक शेजारी उभा राहून सुरक्षा पिना दाखवत नाही तोवर कोणी आत बसायचं नाही.

पिनांवरून आठवलं, केसांच्या पिना मोज. त्या काळची केशरचना करायला तीस-चाळीस पिना सहज लागतात. त्यातली एक जरी धावपट्टीजवळ पडली, तरी जेटचं इंजिन ती आत ओढू शकतं किंवा प्रोपेलरच्या झोतानं ती गोळीसारखी उडते. कॉकपिटमध्ये पडली तर कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकू शकते. डबीतून किती घेतल्या ते कागदावर लिही, शेवटी परत मोज. मोत्यांची माळ असेल तर प्रत्येक मण्यामागे गाठ आहे ना ते बघ, नाहीतर दोरा तुटला की पन्नास मणी सिमेंटवर पसरतील. लेन्सची झाकणं आणि बॅटऱ्यांची प्लास्टिकं याच हिशेबात धर.

प्रकाशाचं बोलू. घासून चमकवलेलं अ‍ॅल्युमिनियम हा वाकडा आरसा आहे. त्यात तू दिसतोस, तुझा स्टँड दिसतो, नारिंगी शंकू दिसतात. म्हणून कपडे राखाडी किंवा काळे घाल. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून हे प्रतिबिंब जाईल असं बरेच जण समजतात, पण उघड्या धातूवरच्या प्रतिबिंबावर पोलरायझर जवळपास काहीच करत नाही. रंगवलेल्या पृष्ठभागावर आणि काचेवर करतो. मात्र कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, अ‍ॅक्रिलिकची असते आणि वाकवताना त्यात ताण राहिलेला असतो. निळ्या आकाशाच्या उजेडात पोलरायझर लावलास की तिच्यावर जांभळे-हिरवे पट्टे उमटतात. चेहरा कॅनॉपीच्या आत असेल तर फिल्टर काढूनच टाक.

रंग उडून त्वचेवर येतो हे तुझ्या फोटोत दिसतंच. मागे पिवळं हार्वर्ड असलं की सावलीतला गाल आणि हनुवटी पिवळी पडते, ऑलिव्ह रंगाच्या बॉम्बरजवळ ती आजारी हिरवट दिसते. नंतर संगणकावर हे सुधारायला फार वेळ जातो, कारण छटा फक्त अर्ध्या चेहऱ्यावर असते. जागेवरचा उपाय सोपा: मॉडेलला विमानापासून दीड-दोन मीटर पुढे आण, किंवा सावलीच्या बाजूला चौकटीबाहेर काळं कापड धर. चांदीसारख्या विमानाजवळ हाच गुण कामाला येतो. सकाळचं ऊन इंजिनाच्या आवरणावरून परतून चेहऱ्यावर पडतं, ते ठिकाण हात पुढे धरून शोध. तळहात उजळला की मॉडेल तिथेच उभी कर.

लेन्ससाठी एक हिशेब पाठ कर. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्सची चौकट साधारण अंतराइतकीच रुंद असते. मस्टँगचा पंखविस्तार ११.३ मीटर, म्हणजे दोन्ही टोकं मोकळी दिसायला १३ मीटर मागे जावं लागेल. ८५ मिमीवर तीस मीटर, आणि तेवढी जागा शोमध्ये मिळत नाही. बी-१७ तर ३१.६ मीटरचं आहे. पण पूर्ण विमान चौकटीत घेऊन मॉडेल चाकाजवळ उभी केलीस तर ती मुंगीएवढी होते. अख्खं विमान दाखवण्याचा हट्ट सोड. नाक, एक पंख आणि कॉकपिट एवढं पुरतं. मॉडेलला कॅमेऱ्याकडे आण, विमान मागे राहू दे. ५० मिमी, लेन्सचं छिद्र एफ/८, मॉडेल ५ मीटरवर असेल तर साधारण ३.४ ते ९.६ मीटर स्पष्ट येतं. एफ/११ ला मागची हद्द साडेचौदा मीटरपर्यंत जाते. नाकावरचं चित्र ओळखू यायला हवं असेल तर एफ/११, शौचालयं विरघळवायची असतील तर एफ/२.८ आणि लांब लेन्स. कॅमेरा मांडीच्या उंचीवर, ६० ते ८० सेंटिमीटर, ठेवलास की दोऱ्या आणि तंबू बरेचसे पायांमागे लपतात. क्षितिज मात्र गळ्यातून जाऊ देऊ नकोस. २४ मिमीवर तिला कडेला ठेवू नकोस, चेहरा ताणला जातो.

दुपारचं ऊन टाळता आलं नाही तर मॉडेलला उन्हाकडे पाठ करून उभी कर आणि फ्लॅश लाव. भर उन्हात आयएसओ १००, १/२०० सेकंद, एफ/११ ला पार्श्वभूमी बरोबर येते आणि बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश एवढ्या वेगाला जुळतो. एफ/११ ला पुरेल इतका उजेड छोटा फ्लॅश छत्रीतून देऊ शकत नाही. ४०० वॉट-सेकंदाचा हवा, दीड-दोन मीटरवर. विमानतळ उघडा असतो, वारा सॉफ्टबॉक्सचं (फ्लॅशवरच्या कापडी पेटीचं) शीड करतो. स्टँडवर ७ ते १० किलोची वाळूची पिशवी असली तरी एका माणसानं तो धरूनच उभं राहायचं. पंखावर कोसळलेला स्टँड म्हणजे त्या शोमधलं तुझं शेवटचं छायाचित्र.

इंजिन चालू असताना मॉडेल विमानाजवळ नको. तिला दोरीच्या अलीकडे ठेव आणि मागे टॅक्सी करणारं (जमिनीवरून चालत जाणारं) विमान २०० मिमीनं घे. मस्टँगच्या मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर इंजिनाच्या ०.४८ पट वेगानं फिरतो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असेल तर पातं सेकंदाला आठ फेऱ्या करतं. १/१००० ला ते तीन अंशही सरकत नाही आणि विमान बंद पडल्यासारखं दिसतं. १/६० ला ४८ अंश फिरतं आणि छान धूसर होतं. म्हणून १/६० वर ट्रायपॉड लाव, मॉडेलला श्वास रोखून स्थिर राहायला सांग, दहा-बारा फोटो घे. शटर मेकॅनिकल ठेव. इलेक्ट्रॉनिक शटर चौकट ओळीओळीनं वाचतं, तेवढ्यात पातं पुढे जातं आणि केळ्यासारखं वाकलेलं उमटतं.

पोशाखाचं थोडक्यात. विमानावर काय रंगवलंय ते आधी वाच. तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे दिसले तर ते जून १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या चढाईसाठी रंगवलेले. तिथे पन्नासच्या दशकातला घेरदार झगा विसंगत. तेव्हा नायलॉन पॅराशूटकडे वळलं होतं, म्हणून बायका पायावर भुवईच्या पेन्सिलीनं मोज्याची शिवण काढत. ही रेघ पाठमोऱ्या फोटोत फार सुंदर दिसते. मनगटावरचं आजचं घड्याळ आणि लांब नखं लपव. वास्पचे (दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी महिला वैमानिकांच्या सेवेचे) पंख छातीवर लावायचे असतील तर ते १,०७४ स्त्रियांनी प्रशिक्षण पुरं करून मिळवले होते आणि ३८ जणींनी त्या सेवेत जीव गमावला, हे मॉडेलला सांग. तो बिल्ला लावून कसं उभं राहायचं हे तिला मग शिकवावं लागणार नाही.

काम झालं की क्रूला सोबत घेऊन विमानाभोवती एक फेरी मार, पिटो नळीचं (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचं) लाल फीत असलेलं आवरण जागेवर आहे ना ते दोघांनी पाहा, पिना मोज. आठवड्याच्या आत मालकाला एक छापील फोटो पाठव, ज्यात विमानाचा क्रमांक वाचता येतो असा. आणि मला पुढचे फोटो पाठवशील तेव्हा उभं राहण्याच्या जागेचं हातानं काढलेलं रेखाटनही जोड: सूर्य कुठे, विमानाचं नाक कुठे, ती कुठे, कॅमेरा कुठे, मधली अंतरं पावलांत.