माझ्या मुलीला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट ट्रूपर (राज्य पोलीस दलातील अधिकारी) होण्यासाठी पदवी लागते का आणि काम केवळ महामार्गावरचेच असते का?

नाही, आपल्या मुलीला पदवीची गरज नाही आणि काम केवळ महामार्गापुरते मुळीच नसते. पेनसिल्व्हेनिया राज्य पोलिसांच्या भरतीतील महाविद्यालयीन क्रेडिटची (महाविद्यालयात पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांच्या गुणांकांची) अट २०२३ मध्ये शिथिल झाली असून, हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष प्रमाणपत्र, वाहन परवाना आणि अकादमीत दाखल होताना किमान २१ वर्षे वय आवश्यक असते. लेखी व शारीरिक चाचणी, पॉलिग्राफ (खोटे बोलणे ओळखण्याची चाचणी) आणि पार्श्वभूमीची कसून तपासणी झाल्यावर हर्शी येथील अकादमीत सुमारे सहा महिन्यांचे निवासी प्रशिक्षण होते. कामाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या राज्यातील निम्म्याहून अधिक गावांना स्वतःचे पूर्णवेळ पोलीस दल नाही. त्यामुळे अपघात आणि वेगमर्यादेबरोबरच चोरी, घरगुती हिंसाचार, बेपत्ता व्यक्तींचा शोध, न्यायालयातील साक्ष हे सारे ट्रूपरकडेच येते, आणि ग्रामीण भागात मदतीला दुसरी गाडी पोहोचेपर्यंत बराच वेळ एकट्याने परिस्थिती सांभाळावी लागते, याचा तिने अर्जापूर्वी गांभीर्याने विचार करावा. मात्र येथे अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य आहे, केवळ ग्रीन कार्ड पुरत नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे असू शकतात.