गृहउद्योगाच्या जाहिरातीसाठी मुदत ठेव मोडावी का?

साताऱ्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. गेली तीन वर्षे त्या घरी गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकतात. महिन्याला पाव किलोची सुमारे 160 पाकिटे जातात आणि पाकिटाची सरासरी किंमत 220 रुपये आहे. गिऱ्हाइके बहुतेक ओळखीतली असून मागणी व्हॉट्सॲपवर येते. एका जाहिरात संस्थेने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर सहा महिने प्रसिद्धी करून देण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला आहे. महिन्याला 18,000 रुपये संस्थेचे शुल्क आणि 10,000 रुपये प्रत्यक्ष जाहिरातीचे, असा एकूण 1,68,000 रुपयांचा हिशेब त्यांना देण्यात आला आहे. त्यासाठी 2,00,000 रुपयांची मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. ठेवीची मुदत संपायला 14 महिने आहेत आणि ती मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी राखलेली आहे. पतींची नोकरी खासगी कंपनीत आहे.

ताई, माझे मत आधीच सांगतो: ठेव मोडू नका. समाजमाध्यमांवर मात्र जरूर या, कारण तुमच्या मालाला त्यांचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते. त्यासाठी सुरुवातीला दीड-दोन लाख लागत नाहीत, अकरा हजारांच्या आत काम होते. या मतामागचा हिशेब सविस्तर मांडतो, म्हणजे तो तुम्हाला स्वतः तपासून पाहता येईल.

प्रथम प्रस्तावाची खरी किंमत पाहू. इन्स्टाग्राम-फेसबुकवरील जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो. संस्था नोंदणीकृत असेल आणि तिने शुल्क करासह सांगितले नसेल, तर त्यावरही तेवढाच कर येतो. म्हणजे महिन्याचे 28,000 रुपये प्रत्यक्षात 33,040 होतात आणि सहा महिन्यांचे 1,98,240. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे या कराची वजावट तुम्हाला मिळणार नाही. पावणेदोन लाखांच्या आत वाटणाऱ्या खर्चात संपूर्ण ठेव जाते, आणि मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापून घेतात, ते वेगळेच.

आता एका पाकिटाचा हिशेब. तुम्ही कळवलेल्या आकड्यांप्रमाणे गोड्या मसाल्याच्या पाव किलोला कच्चा माल 105 रुपये, कांडप 8, गॅस 6 आणि पाकीट व लेबल 9, असे 128 रुपये लागतात. 220 मधून 92 रुपये उरतात आणि 160 पाकिटांचे 14,720 रुपये तुम्ही नफा म्हणून धरता. यात तुमची मजुरी धरलेली नाही. बहुतेक गृहउद्योगांच्या हिशेबात ही एकच गोष्ट राहून जाते, आणि नेमका तिच्यामुळेच पुढचा सगळा निर्णय चुकतो. पाच किलोचा एक घाणा, म्हणजे 20 पाकिटे, काढायला निवडण्यापासून पाकिटे भरण्यापर्यंत तुम्हाला सात तास लागतात. तासाला 60 रुपये धरले, तरी पाकिटामागे 21 रुपये मजुरी पडते. म्हणून खरा नफा 71 रुपये. संस्थेने सुचवल्याप्रमाणे ‘घरपोच मोफत’ असे जाहीर केलेत, तर 65 रुपये कुरिअरचे वजा होऊन हातात सहा रुपये राहतील, आणि सहा रुपयांतून कोणतीही जाहिरात परवडत नाही. कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाकडूनच घ्या, किंवा चार पाकिटांच्या पुढच्या मागणीलाच तो माफ करा.

कुरिअर गिऱ्हाइकाने दिले असे धरू. महिन्याचे 33,040 रुपये भरून काढायला 71 रुपयांच्या हिशेबाने 466 पाकिटे जास्तीची विकावी लागतील. म्हणजे आणखी 24 घाणे. आज तुम्ही महिन्याला आठ घाणे काढता, ते 32 होतील. महिन्याचे तीसही दिवस रोज एक घाणा काढला, तरी दोन शिल्लक राहतात. हे सगळे करून जाहिरातीचा खर्च तेवढा निघतो, जास्तीचा एक रुपयाही घरात येत नाही. संस्थेने अगदी प्रामाणिकपणे काम केले आणि मागणी खरोखर आली, तरी ती पुरी करायला तुमच्याकडे हात नाहीत, मोठी कढई नाही आणि वाळत घालायला जागाही नाही. पैसे आगाऊ देऊन तीन आठवडे वाट पाहावी लागलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही समाजमाध्यमांवर या, असे मी का म्हणतो? मसाला ही पुन्हा पुन्हा लागणारी वस्तू आहे. चौघांच्या घरात पाव किलो गोडा मसाला दोन-तीन महिने पुरतो, आणि एकदा चव बसली की माणसे मसाला सहसा बदलत नाहीत. म्हणून एक नवे गिऱ्हाईक मिळवायला 140 रुपये खर्च झाले, तरी त्याने दुसरे पाकीट घेतले की ते वसूल होतात आणि तिसऱ्यापासून कमाई सुरू होते. दिवाळीच्या चकल्या किंवा आकाशकंदील विकणाऱ्याला ही सवलत नसते. तुमच्याकडे आज नसलेला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे, पहिल्यांदा माल घेतलेल्यांपैकी तीन महिन्यांत किती जण परत आले. तो व्हॉट्सॲपच्या जुन्या संवादांत विखुरलेला आहे. एक साधी वही घ्या आणि तीत दूरध्वनी क्रमांक, तारीख, कुठून कळले, काय घेतले आणि पुन्हा कधी घेतले, एवढे लिहायला लागा.

ही वही आणखी एका कारणासाठी हवी. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेला अनुयायांचा संपूर्ण गोतावळा लोकांनी एका रात्रीत गमावला. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली होती. इन्स्टाग्रामवरचे दहा हजार अनुयायी मी तुमची मालमत्ता धरणार नाही. वहीतली दोनशे गिऱ्हाइके मात्र निश्चित धरेन.

त्यामुळे माझी सूचना अशी आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर, जे विनामूल्य आहे, मालाची यादी किमतींसह लावा. इन्स्टाग्रामवर आठवड्यातून दोन छोटे व्हिडिओ स्वतःच टाका. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या व्हिडिओत तापलेल्या तेलात हिंगाचा खडा फुलतो, मागोमाग दगडफूल पडते आणि शेवटी खोबऱ्याचा रंग बदलत जातो. तो भाग मी दोनदा पाहिला. अशा अर्ध्या मिनिटाला संगीताची किंवा सजावटीची गरज नाही आणि 18,000 रुपयांच्या शुल्काची तर अजिबातच नाही. सोबत तीन महिने दरमहा 3,000 रुपयांची जाहिरात करा. करासह ती 3,540 रुपयांची होईल आणि तीन महिन्यांचा एकूण खर्च 10,620 रुपये येईल. तो महिन्याच्या नफ्यातून भागवा. जाहिरातीवर बोट ठेवताच थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर संवाद सुरू होईल असा पर्याय निवडा, म्हणजे कोण कुठून आले हे वहीत नोंदवता येईल. महिन्याला 25 नवी गिऱ्हाइके मिळाली, तर प्रत्येकी सुमारे 142 रुपये खर्च पडतो आणि गिऱ्हाइकागणिक सरासरी दोन पाकिटे गेली की तो निघतो. पंधराच आली, तर थांबून व्हिडिओ, किंमत किंवा जाहिरातीचा प्रदेश यांपैकी एक गोष्ट बदलून पाहा. ही जाहिरात लिलावाच्या पद्धतीने विकली जाते आणि सणासुदीला मोठ्या कंपन्या उतरल्या की तिचा दर चढतो. म्हणून तुमची चाचणी दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका.

जाहिरात महाराष्ट्रापुरतीच मर्यादित ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परंतु बंगळूर, इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरांना मसाला विकायचा, तर तो आंतरराज्य व्यवहार ठरतो आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी बंधनकारक होते. परदेशी पाठवलेला मालही त्यातच मोडतो. पुढे नोंदणी करावीशी वाटली तर जरूर करा, फक्त विवरणपत्रे भरण्याचा खर्च आधी 71 रुपयांच्या हिशेबात बसवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी अजून केलेली नाही असे तुम्ही लिहिले आहे. ती जाहिरातीच्या आधी व्हायला हवी. लहान उत्पादकासाठी तिचे शुल्क अगदी थोडे आहे आणि मिळणारा 14 अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो.

जाहिरातीमुळे तुमचा व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर झाला की फसवणारेही येतात. एकदम मोठी मागणी नोंदवून ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा हमखास भेटतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. व्यवसायासाठी वेगळे खाते उघडा, यूपीआय त्यालाच जोडा आणि आठवड्याला त्यातली जास्तीची रक्कम दुसरीकडे वळवा, म्हणजे चूक झालीच तरी घरखर्चाचे पैसे सुरक्षित राहतील. पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावे.

कधीतरी एखाद्या संस्थेला काम दिलेत, तर पान आणि जाहिरातीचे खाते तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर असेल असे लेखी घ्या. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका बाईंचे पान संस्थेने आपल्या खात्यावर उघडले होते. कामावरून मतभेद झाले, तेव्हा दोन वर्षांची सगळी छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांचे संदेश तिकडेच राहिले. मी त्यांना वेळेवर सावध केले नाही, याची खंत मला आजही वाटते. ‘इतके हजार अनुयायी देऊ’ या आश्वासनालाही विक्रीचा आकडा समजू नका.

तीन महिन्यांनंतर वहीतले आकडे चांगले निघाले, तर पुढचा पैसा जाहिरातीऐवजी उत्पादनाकडे वळवावा. शेजारची एखादी गरजू बाई तासाच्या मजुरीवर घ्या, 21 रुपये तुम्ही आधीच बाजूला धरले आहेत. मोठी कढई किंवा कांडप यंत्र घ्यायचे ठरले, तर मुद्रा योजनेतील शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. ते जमले नाही, तर बँक ठेवीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत ठेवीवर कर्ज देते आणि त्याचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त असतो. मात्र ते कर्ज मुलीच्या प्रवेशापूर्वी फिटेल एवढेच घ्या. दरमहा 3,000 रुपये फेडायची तुमची ताकद आज आहे, म्हणून माझ्या हिशेबाने ते 30,000 रुपयांच्या पुढे जाऊ नये.