दुसऱ्या खुर्चीतल्या मुलीची आई विचारते

गेल्या अंकात मी चार मुलांनी एकत्र बसून वाजवण्याबद्दल लिहिलं आणि प्रश्न असतील तर पाठवा म्हटलं. मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य, आणि एरंडवण्यातल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत बरीच वर्षं मुलांची क्वार्टेटं बसवते आहे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, तो खालच्या सुरांचा, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. पत्रं बरीच आली. त्यातली पाच घेतली आहेत. क्लासच्या फीबद्दलची बाजूला ठेवली, ते ज्याचं त्याने बघावं.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, पाचव्या ग्रेडला डिस्टिंक्शन मिळालं. क्लासमध्ये चौघांचा ग्रुप केला त्यात तिला दुसरं व्हायोलिन दिलं. पहिलं ज्या मुलाला दिलं तो तिच्या एक ग्रेड मागे आहे. ती काही बोलत नाही, पण मला फार वाईट वाटतं. सरांशी बोलू का? – एक आई, कोथरूड

बोला की. पण आधी मुलीशी बोला. तुमच्या पत्रात ‘मला वाईट वाटतं’ आलंय, ‘तिला वाईट वाटतं’ कुठेच नाही.

घोळ त्या शब्दांचा आहे. पहिलं, दुसरं. आपल्या घरात पहिला-दुसरा म्हटलं की शाळेचं प्रगतिपुस्तकच डोळ्यांपुढे येतं. यांना ‘वरचं’ आणि ‘मधलं’ व्हायोलिन म्हणायची पद्धत पडली असती तर मला येणारे निम्मे फोन आले नसते.

मधल्या व्हायोलिनचं काम काय, ते एकदा प्रत्यक्ष ऐका. पुढच्या तालमीला जा, कोपऱ्यात बसा आणि सरांना विनंती करा की पहिल्या व्हायोलिनला दोन मिनिटं गप्प बसवा. राहिलेल्या तिघांना तोच तुकडा वाजवू दे. मी हे पालकांसमोर मुद्दाम करते. सूर निघून गेला की खालची चौकट दिसते. लय कोण धरून आहे, जोर कुठे वाढतोय, सूर उदास वाटतो तो कुणाच्या एका स्वरामुळे, हे सगळं तेव्हा कानावर येतं. वरच्याला थोडं रेंगाळायचं असेल तर त्याला तेवढी जागा मधलं व्हायोलिन देतं. नाही दिली तर तो लटकला. हे काम कानाच्या मुलीला देतात, बोटाच्या मुलीला नाही. तुमच्या सरांनी याच विचाराने दिलं असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण शक्यता बरीच आहे.

हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचं एक क्वार्टेट आहे, म्हणजे चौघांसाठीची रचना, ओपस ७६ मधलं तिसरं. १७९७ मध्ये त्याने सम्राटासाठी एक गीत रचलं होतं, आज तीच चाल जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. ती त्याने या क्वार्टेटच्या दुसऱ्या भागात घेतली. आधी पहिलं व्हायोलिन ती वाजवतं. मग दुसरं वाजवतं, आणि त्या वेळी पहिलं नुसती बारीक वीण घालत तिच्याभोवती फिरत राहतं, बाकीचे दोघे गप्प. मग चेलो, मग व्हायोला, शेवटी पुन्हा पहिलं. चाल बदलत नाही, फक्त हात बदलतात. माझ्याकडे ‘मला दुसरं का?’ असं तोंड करून आलेल्या मुलांना मी याच पानावर आणते. दुसऱ्या व्हायोलिनची पाळी येते तेव्हा पहिल्या खुर्चीतल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. सगळी मेहनत त्याची, आणि गाणं दुसरीचं!

आणखी एक, ग्रेडबद्दल. मुंबईचे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईत स्वतःचं क्वार्टेट काढलं. पुढे परदेशी गेले आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये बसले ते दुसऱ्या व्हायोलिनला. पन्नाशी उलटली होती तेव्हा. आपल्या गावात ऑर्केस्ट्रा चालवणारा माणूस तिथे मधल्या खुर्चीत पाच वर्षं वाजवत होता.

तक्रार कधी करायची तेही सांगते. वर्षभर, प्रत्येक रचनेला तीच मुलगी दुसऱ्या खुर्चीत असेल तर जरूर करा. मुलांच्या खुर्च्या बदलत्या हव्यात. सरांना एवढंच विचारा, ‘पुढच्या रचनेला यांची अदलाबदल करणार का?’ ते ‘बघू’ म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

मी व्हायोलिन शिकवतो. यंदा प्रथमच चौघांचा ग्रुप घेतलाय. तासाभरात पंचेचाळीस मिनिटं मीच बोलत असतो. वाजवून दाखवलं की लगेच सुधारतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा जैसे थे. काय चुकतंय? – एक शिक्षक, पिंपळे सौदागर

तेच, जे माझंही सात-आठ वर्षं चुकत होतं. सांगते.

एका ग्रुपला मी वर्षभर हायडन शिकवला. समोर उभं राहून, पेन्सिलीने स्टँडवर ठोके देत. एक-दोन-तीन-आणि. सुंदर बसला होता. कार्यक्रमाच्या दिवशी मी साडी नेसून तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर. मुलांनी गज तारेवर ठेवले आणि चौघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी मान हलवेन म्हणून. मी दचकले आणि चुकून हललेच. दोघं निघाली, दोघं राहिली. थांबले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चेलोवाल्या मुलीने वैतागून जोरात नाकाने श्वास घेतला, आणि त्या श्वासावर चौघं एकत्र सुटली. तिला ते मी शिकवलं नव्हतं. मी त्या ग्रुपची पाचवी वादक होऊन बसले होते, आणि पाचव्याला स्टेजवर खुर्ची नव्हती.

तेव्हापासून माझी खुर्ची मुलांच्या पाठीमागे असते. आधी पूर्ण वाजवू द्यायचं, मोडलं तरी. मग एकच प्रश्न : कुठे सुटलं? ‘का सुटलं’ नाही. का म्हटलं की मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात, कुठे म्हटलं की कागदात बघतात. बारचा, म्हणजे कागदावरच्या उभ्या रेघांमधल्या तुकड्याचा, आकडा सांगतील, तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि त्याच्या दोन बार आधीपासून घ्यायचं.

सुरुवात जमत नसेल तर चौघांना पाठीला पाठ लावून बसवा. डोळ्यांनी खुणा करता येत नाहीत म्हटल्यावर श्वास ऐकावाच लागतो. पहिल्या दिवशी हसतात फार. हसू द्या.

आवाज विस्कटलेला वाटला तर सुरांआधी गज बघा. एक मूल गजाच्या टोकाशी वाजवतंय आणि दुसरं मुठीशी, मग एकाच खुणेचे दोन आवाज येणारच. हे बोलून सांगू नका. ‘तिच्या गजाकडे बघत वाजव’ एवढं पुरे.

आणि वार्म-अपला सी मेजरचं साधं सप्तक, पण एकामागून एक शिरत. पहिल्याने दोन स्वर घेतले की दुसऱ्याने खालून सुरुवात, त्याच्या दोन स्वरांनंतर तिसऱ्याने. आपोआप तीन-तीन स्वर एकत्र उभे राहतात आणि मुलांना आपला स्वर दुसऱ्याच्या स्वराशी ताडून बघावा लागतो. यात मी व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून स्वर थरथरवणं, बंद ठेवते. हलत्या स्वराला काही ताडता येत नाही.

वाजवून दाखवायचंच असेल तर त्या मुलाचा पार्ट वाजवू नका, शेजारच्याचा वाजवा. म्हणजे तो तुमची नक्कल करणार नाही, तुमच्या बरोबर वाजवायला बघेल. एखाद्या दिवशी कुणी गैरहजर असेल तर त्या खुर्चीत गुपचूप बसा. त्या तासाला मी सगळ्यात कमी बोलते आणि मुलं सगळ्यात जास्त शिकतात. थोडं लागतं मनाला, पण आहे ते आहे.

आमच्या चौघांत तालमीपेक्षा भांडणंच जास्त होतात. पहिलं व्हायोलिन वाजवणारा स्वतःला बॉस समजतो आणि सगळे पळतात, मग मीच मागे राहिलो असं ठरतं. मी चेलो वाजवतो. – इयत्ता नववी, वानवडी

अरे, भांडण होणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे, त्यात नवल नाही. नियम एकच ठेवा : मतभेद झाला की तोंडाने वाद नाही, दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघायचं. निम्मे वाद दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत विरतात, कारण तोवर भूक लागलेली असते.

पळण्याचं म्हणशील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि चौघांनी एकत्र ऐका. कोण पळतंय ते मोबाइल सांगेल, तुला सांगावं लागणार नाही. तुमच्यापैकी कुणी ढोल पथकात आहे का? माझ्या एका मुलाचा हात गणपतीच्या आधी दोन महिने व्हायोलिनवर दगडासारखा पडायचा. मी चिडायचे, पण पळायचा मात्र कधी नाही. पथकात पन्नास ढोल ताशाच्या कानाने चालतात हे त्याच्या अंगात होतं. तुमच्या चौघांत ताशा कोण, ते दर पानावर बदलतं. चेलोला छोटे-छोटे स्वर सलग असतील तिथे ताशा तू आहेस. तिथे त्या बॉसने तुझं ऐकायचं. हे त्याला दाखव, कागदावर बोट ठेवून.

मी सदाशिव पेठेत हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवतो. माझा पंधरा वर्षांचा शिष्य मित्रांच्या क्वार्टेटमध्ये वाजवायचं म्हणतो. त्याची बैठक आणि मींड बिघडेल का?

गुरुजी, तुमची काळजी खरी आहे, पण दोन वाद्यं ठेवली तर बिघडणार नाही. तुमच्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून वाजवतात, त्यामुळे डावा हात घसरायला मोकळा. तिथे हनुवटी आणि खांद्याने वाद्य धरायचं. तारांची मिळवणीही वेगळी. एकच व्हायोलिन रोज वर-खाली केलं तर तारा तुटतील, घोडी (तारांखालची लाकडी पट्टी) कलेल आणि मुलगा वैतागेल. नोटेशन वाचायला वर्षभर जाईल, तेही त्याला आधीच सांगा. आणि तीन जण सरळ स्वर धरून असताना याने मध्येच मींड घेतली तर चिखल होतो, एवढं त्याला पाळावं लागेल.

पण त्याच्याकडे असं काही असेल जे इतर तिघांकडे नसेल. नीट मिळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप बोलतो, तो त्याच्या कानात आहे. चेलोने खालचा सी धरला की त्यावरचा ई हाच तो गंधार. पियानोवरचा ई त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग. पियानोवर कान घडलेली मुलं तो चढाच लावतात आणि मग मला दोन-दोन आठवडे तो खाली आणत बसावं लागतं. तंबोऱ्याच्या घरातली मुलं न सांगता खाली येतात.

गंमत पुढे आहे. चेलोच्या सी तारेपासून व्हायोलिनच्या ई तारेपर्यंत शुद्ध पंचमांनी मिळवत गेलात तर ती मोकळी ई तार त्या गंधारापेक्षा सुमारे २२ सेंट चढी निघते. म्हणून त्या जागी मोकळी तार न छेडता ए तारेवर चौथ्या बोटाने ई घ्यायचा. काही क्वार्टेटं पंचमच किंचित आवळून घेतात. तुमच्या शिष्याला हे एका तंबोऱ्याशेजारी बसवून सांगितलंत तर दहा मिनिटांत कळेल. कधी एरंडवण्यात आलात तर तंबोरा घेऊन या, माझ्या मुलांनाही ऐकवा.

पावसाळ्यात चेलोच्या खुंट्या अडकतात. आणि चेलो रिक्षातून नेता येतो का? – एक बाबा, बिबवेवाडी

हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, म्हणून जून ते सप्टेंबर खुंट्या अडकतात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात त्याच घसरतात. पक्कड लावू नका. थोडं थोडं पुढे-मागे करत सोडवा, रोजचं मिळवणं तारांच्या खालच्या टोकाच्या बारीक स्क्रूंवर, म्हणजे फाइन ट्यूनरवर करा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गजाचे केस ओलीत सैल पडतात, म्हणून वाजवताना थोडा जास्त पीळ लागेल, पण वाजवून झालं की सैल सोडायला विसरू नका. कडेचा सांधा उकलला तर सुतारकामाचा पांढरा गोंद घरी लावू नका. या वाद्यांना सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) लावतात, तो पुढे पुन्हा उकलता येतो. तुमचा गोंद उकलताना लाकूडच घेऊन येईल.

रिक्षातून नेता येतो. आधी चेलो आत, मग मूल. तिरका उभा, मान मुलाच्या खांद्याशी, घोडीची बाजू मुलाकडे, दांड्याकडे नाही. पायाशी आडवा कधीच नाही. पावसात दोन्ही बाजूंचे पडदे सोडायला सांगा. काही रिक्षावाले दीड भाडं मागतात. मीटरप्रमाणे द्या, चेलोला वेगळं सीट नाही.