रणगाड्यांआधी गृहखातं

सोव्हिएत संघाने पूर्व युरोप फक्त रणगाड्यांच्या धाकाने ताब्यात ठेवला का, असा प्रश्न आहे. धाक होताच, पण नुसत्या धाकावर चाळीस वर्षं निघत नाहीत. माझ्या मते खरी मेख होती ती कोणत्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवण्यात.

चेकोस्लोव्हाकियाचं बघा. १९४५ च्या अखेरीस सोव्हिएत लाल सेना तिथून निघूनही गेली होती. १९४६ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना साधारण ३८ टक्के मतं पडली, आघाडी सरकार आलं आणि त्यांनी गृहखातं आपल्याकडे ठेवलं. गृहमंत्री नोसेक यांनी पोलिसांत पद्धतशीर आपली माणसं भरली. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागच्या आठ वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना हटवण्यावरून वाद पेटला. मंत्रिमंडळाने सांगूनही नोसेक बधले नाहीत, तेव्हा १२ बिगरकम्युनिस्ट मंत्र्यांनी राजीनामे दिले. सरकार पडेल ही त्यांची अटकळ. (राजकारणातला इतका भाबडा डाव क्वचितच सापडेल.) पोलीस कम्युनिस्टांच्या हातात, रस्त्यावर कामगारांच्या सशस्त्र तुकड्या, २५ फेब्रुवारीला अध्यक्ष बेनेश यांनी राजीनामे मंजूर केले. देश गेला, आणि त्यासाठी सोव्हिएत रणगाडा लागलाच नाही.

पोलंडमध्ये तर आडपडदाही ठेवला नाही. १९४९ मध्ये सोव्हिएत मार्शल रोकोसोव्स्की यांनाच पोलंडचे संरक्षणमंत्री केलं. १९५५ च्या वॉर्सा कराराचा, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी आघाडीचा, सरसेनापतीही कायम सोव्हिएत सेनानीच असे. अर्थकारणाची दोरी वेगळी होती. १९७३ नंतर जगात तेल भडकलं, तेव्हा मॉस्कोचं तेल या देशांना स्वस्त पडायचं. म्हणजे मांडलिकांना पोसायचा खर्च धन्यालाच.

रणगाडे निघायचे ते तिथला कम्युनिस्ट पक्षच हातातून निसटू लागला की. हंगेरीत पंतप्रधान इम्रे नागी यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि ४ नोव्हेंबर १९५६ ला बुडापेस्टवर हल्ला झाला. १९५८ मध्ये नागींना फाशी दिलं.

१९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मात्र आमंत्रणाची सोय आधी करून घेतली. ‘मदतीला या’ असं सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हना विनवणारं पत्र चेकोस्लोव्हाक पक्षातल्याच पाच नेत्यांनी सह्या करून दिलं, तेही रशियन भाषेत. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हाच्या बैठकीत ते पोचतं झालं, म्हणे स्वच्छतागृहात! २० ऑगस्टच्या रात्री फौजा घुसल्या. सुधारणा करू पाहणारे तिथले पक्षप्रमुख दुब्चेक यांना मॉस्कोला नेऊन सोव्हिएत अटींवर सह्या घेतल्या, परत आणून खुर्चीवरही बसवलं, आणि एप्रिल १९६९ मध्ये उतरवलं. त्यांच्या जागी आले हुसाक, ज्यांना पन्नासच्या दशकात याच पक्षाने तुरुंगात डांबलं होतं.