घरात घटपर्णी लावली तर डास कमी होतील का?

नाही. घटपर्णी म्हणजे सुरईसारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती. त्या सुरईत एखाद-दुसरा डास पडेल, बाकी मुंग्याच पडतील. डासांसाठी खिडकीला जाळी लावा, पिंपावर झाकण ठेवा, पैसे वाचतील.

खरं तर एवढ्यावरच थांबणार होतो, पण ‘घटपर्णी’ आणि ‘डास’ हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की मला गप्प बसवत नाही.

टी.वाय.ला बॉटनीची टूर मेघालयला गेली होती. भारतात रानात उगवणारी घटपर्णी एकच, नेपेंथिस खासियाना, आणि ती तिथेच, खासी-जैंतिया-गारो टेकड्यांत. जैंतिया भागात जराइनजवळ रस्त्याच्या कडेला लालसर सुरया लटकत होत्या. पानाच्या टोकाचीच सुरई होते, काठ निसरडा, तळाशी पाचक रस, हे पाठ होतंच. मी एकीत टॉर्च मारला. खाली मुंग्यांचा काळा गाळ आणि त्यावर चार-पाच अळ्या मजेत वळवळत होत्या. वर यायच्या, शेपटीकडची नळी पाण्याला टेकवून श्वास घ्यायच्या, परत खाली.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, “पचतायत. तडफड आहे ती.” म्हटलं, सर, पचणारा प्राणी श्वास घ्यायला दहादा वर कशाला येईल? “तू आकृती काढ.” सगळी बॅच हसली.

मी तो रस अळ्यांसकट फिल्मरोलच्या डबीत घेतला आणि तोंडाला रुमालाचा तुकडा रबरबँडने बांधला. परतीच्या गाडीत, गुवाहाटी सुटल्यावर, रुमालाच्या आतल्या बाजूला डास बसलेला! सरांपुढे डबी धरली. “बाहेरून शिरला असेल.” जर्नलमध्ये दहापैकी चार.

तर मुद्दा असा, की ती सुरई काही डासांचाच पाळणा आहे. काही जातींच्या माद्या तिथेच अंडी घालतात, अळ्यांना तो रस बाधत नाही. पडलेल्या किड्यांचा गाळ त्या खातात आणि त्यांच्या विष्ठेतून झाडाला आयतं नायट्रोजन मिळतं. बोर्निओत तर याहून कहर. तिथल्या एका घटपर्णीच्या पोकळ देठात मुंग्या राहतात, रसात बुड्या मारून अळ्या आणि कोष पकडतात, म्हणजे डास बनून उडून जाणारं नायट्रोजन झाडाकडेच राहतं. दुसऱ्या एका जातीच्या सुरईत छोटं वटवाघूळ दिवसभर झोपतं. त्याच्या लेंडीतून पानांतलं जवळपास ३४ टक्के नायट्रोजन येतं, हे ब्रुनेईत मोजून २०११ साली छापलंय. नुसतं ‘किडे खाणारी वनस्पती’ म्हणून जे शिकवतात त्यांनी सुरईत कधी डोकावलेलं नसतं, हे माझं स्पष्ट मत.

बाकी तुम्हाला रोप हवंच असेल तर नर्सरीतलं संकरित घ्या. खासियाना रानातून उपटणं गुन्हा आहे, ती संरक्षित यादीत आहे. नळाचं क्षारवालं पाणी चालत नाही, पावसाचं साठवून घाला. खत तर अजिबात नको, कुंडीत खत पडलं की सुरया धरायची बंद होते. हवा कोरडी झाली की सुरया वाळतात, माझ्या ठाण्याच्या बाल्कनीत दर मार्चमध्ये वाळतात. आणि हो, वर ‘पाळणा’ म्हटलं म्हणून घाबरू नका. त्यात वाढणारे डास बहुतेक त्याच जागेला सरावलेल्या रानातल्या जातींचे, तुमच्या घरातले डास मुख्यतः पिंप आणि टायरमधले. तरी डेंग्यूचा सीझन असेल तर सुरईत टॉर्च मारून बघत जा.

काही वळवळताना दिसलं तर व्हिडिओ काढा आणि इथे टाका. एका निवृत्त माणसाला पाठवायचाय.